टर्बोसाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड निवडताना : सुबक नळ्या घ्यायच्या की बिडाचा ठोकळा?

२०१४ साली फॉर्म्युला वनमध्ये मोठा बदल झाला. जुनी व्ही-८ इंजिनं गेली आणि त्यांच्या जागी १.६ लिटरची टर्बो व्ही-६ इंजिनं आली. त्या वर्षी मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. साहजिकच त्यांच्या इंजिनात काय जादू आहे, याचा शोध सगळ्यांनी सुरू केला. फोटो बाहेर आले तेव्हा जाणकारांचं लक्ष एका साध्या वाटणाऱ्या भागाकडे गेलं. तो होता एक्झॉस्ट मॅनिफोल्ड.

रेस कार म्हटली की लांब, वळणदार, एकमेकींत गुंफलेल्या चकचकीत नळ्या डोळ्यांसमोर येतात. मर्सिडीजच्या इंजिनावर मात्र एक आखूड, जाडसर पाइप होता आणि सिलिंडरची तोंडं थेट त्याला जोडलेली होती. याला ‘लॉग’ मॅनिफोल्ड म्हणतात. लॉग म्हणजे ओंडका. आपल्याकडच्या कुठल्याही टर्बो डिझेल जीपचं बॉनेट उघडलं तर याच जातीचा मॅनिफोल्ड दिसतो.

पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, मर्सिडीजने हा लॉग काढला आणि लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड बसवला. ते वर्षही त्यांनीच जिंकलं.

मग बरोबर काय? इंजिनला टर्बो बसवायचा विचार करणारा प्रत्येक जण याच प्रश्नाशी येऊन अडतो. दुकानात, कॅटलॉगमध्ये, इन्स्टाग्रामवर नळ्यांचे मॅनिफोल्ड देखणे दिसतात आणि बिडाचा ठोकळा जुनाट वाटतो. त्यामुळे निवड बऱ्याचदा डोळ्यांनी होते. नंतर मॅनिफोल्डला तडे जातात, टर्बो उशिरा जागा होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिनच बसतं.

मॅनिफोल्डचं काम काय?

इंजिनमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग सायलेन्सरच्या वाटेने गरम वायू होऊन निघून जातो. टर्बोचार्जर याच फुकट जाणाऱ्या वायूवर चालतो. हा वायू टर्बाइनचं चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेलं कॉम्प्रेसरचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त आणि म्हणून ताकद जास्त.

प्रत्येक सिलिंडरमधून निघालेला वायू टर्बाइनपर्यंत नेणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. बुलेटवाले ज्याला बेंड पाइप म्हणतात, त्याचाच हा चार तोंडांचा भाऊ. फरक इतकाच की बुलेटचा बेंड पाइप फक्त धूर बाहेर नेतो. टर्बोच्या मॅनिफोल्डला त्या वायूतली ऊर्जा वाटेत न सांडता टर्बाइनपर्यंत पोहोचवायची असते. शिवाय टर्बोचं वजनही बहुतेक वेळा त्यालाच पेलावं लागतं.

इथे एक समज आधीच दूर करू. हा वायू नळातल्या पाण्यासारखा सलग वाहत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाखाली कोंडलेला वायू धाडकन बाहेर पडतो, मग पुढच्या सिलिंडरची पाळी येते. म्हणजे प्रवाह ठोक्याठोक्याने येतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर टर्बाइनवर सेकंदाला २०० ठोके पडतात. २००० फेऱ्यांना हीच संख्या ६७ च्या आसपास येते.

या ठोक्यांमध्ये जोर असतो. टर्बाइनपर्यंत ते ताजेतवाने पोहोचले तर कमी वेगातही चाक झटकन फिरू लागतं. वाटेत एकमेकांत मिसळून ते विरले तर फक्त सरासरी दाब उरतो. मॅनिफोल्डचा आराखडा ठरवताना मूळ प्रश्न हाच असतो की या ठोक्यांचं काय करायचं.

प्रश्न नवा नाही. टर्बोचार्जरची कल्पना मांडणारे स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी पहिलं पेटंट १९०५ मध्ये घेतलं होतं. ती कल्पना प्रत्यक्षात नीट चालायला पुढची वीस वर्षं गेली. १९२५ च्या सुमारास त्यांनी सिलिंडरचे गट पाडून त्यांचा वायू वेगवेगळ्या नळ्यांनी टर्बाइनपर्यंत नेण्याची पद्धत मांडली. म्हणजे आज ज्याला ‘ट्विन स्क्रोल’ म्हणून मिरवलं जातं, त्याची आजी शंभर वर्षांपूर्वीच्या जहाजांच्या डिझेल इंजिनांत सापडते.

तीन सिलिंडर सुखी, चार सिलिंडर भांडखोर

आता थोडं गणित. अवघड नाही, आणि पुढचं सगळं यावरच उभं आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनचं एक चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पूर्ण होतं. चार सिलिंडर असतील तर दर १८० अंशांनी एक ठोका येतो. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह १८० अंश नव्हे, तर साधारण २३० ते २६० अंश उघडा असतो. म्हणजे पहिल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह अजून बंद झालेला नसताना पुढच्या सिलिंडरचा उघडतो. पहिला शेवटचा उरलासुरला वायू हळूहळू ढकलत असतो आणि त्याच वेळी शेजारचा पूर्ण दाबाने फुटतो.

एसटीच्या एकाच दारातून शेवटचे प्रवासी उतरत असताना खालून गर्दी आत घुसते, तेव्हा काय होतं ते आठवा. इथेही तेच होतं. शेजाऱ्याचा वायू मॅनिफोल्डमधून उलटा येऊन पहिल्या सिलिंडरमध्ये शिरतो. जळालेला गरम वायू आत राहिला की ताज्या हवेला जागा कमी पडते. त्याहून मोठी अडचण म्हणजे सिलिंडरमधलं तापमान वाढतं आणि ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचायची वाट न बघता उरलेलं मिश्रण आपोआप पेटू लागतं. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. टर्बो इंजिनमध्ये सततचं नॉकिंग पिस्टन फोडू शकतं. ते टाळायला ट्यूनरला इग्निशनचं टायमिंग मागे घ्यावं लागतं आणि तेवढी ताकद सोडून द्यावी लागते.

तीन सिलिंडरच्या इंजिनात हा त्रास जवळजवळ नसतो. ७२० भागिले ३ म्हणजे २४० अंश. एकाचा व्हॉल्व्ह बंद होत आला की दुसऱ्याचा उघडतो. ठोके आपोआप वेगळे राहतात, त्यामुळे साधा आखूड मॅनिफोल्डही छान चालतो. एक लिटरची तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल इंजिनं कमी वेगातही चटकन ओढ का देतात, याचं एक कारण हे आहे. त्यांचे टर्बो लहान असतात हे दुसरं.

आता मर्सिडीजचं कोडंही थोडं सुटतं. व्ही-६ म्हणजे दोन बाजूंना तीन-तीन सिलिंडर. प्रत्येक बाजूचा लॉग तीनच सिलिंडर सांभाळत होता, त्यामुळे ठोक्यांचं भांडण मुळातच कमी होतं. शिवाय त्या इंजिनात टर्बोच्या दांड्यावर एक विद्युत मोटर होती. ती टर्बो फिरवायची आणि उरलेल्या ऊर्जेतून वीजही बनवायची. आखूड मॅनिफोल्डमध्ये उष्णता कमी वाया जाते, आणि अशा व्यवस्थेत उष्णता म्हणजे पैसा.

लॉग : दिसायला गरीब, कामाला चोख

लॉगची बांधणी सरळ आहे. एक आडवा पाइप, त्याला चार आखूड तोंडं आणि मध्ये किंवा टोकाला टर्बोची फ्लँज. कारखान्यात तो बिडाचा ओततात. बिडाचा तवा जसा तापायला वेळ घेतो पण ताप धरून ठेवतो आणि वर्षानुवर्षं वाकत नाही, तसंच याचं असतं. टर्बोसाठी वापरतात ते बीड तव्यापेक्षा वरच्या दर्जाचं असतं. त्यात उष्णता सोसण्यासाठी सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं असतं.

त्याचे फायदे कागदावर नीरस दिसतात, पण रोजच्या गाडीत तेच कामी येतात. आतली पोकळी लहान असल्यामुळे ती दाबाने लवकर भरते आणि टर्बो लवकर जागा होतो. बाहेरचा पृष्ठभाग कमी म्हणून बॉनेटखाली उष्णता कमी पसरते. जागा कमी लागते, किंमत कमी पडते आणि तडे जाण्याची शक्यताही कमी असते.

तोटा आपण वर पाहिला. चार सिलिंडरच्या इंजिनात ठोके एकमेकांना अडवतात. वेग वाढत जातो तसा मॅनिफोल्डमधला दाब चढतो, वायूला नव्वद अंशांत वळावं लागतं आणि वरच्या फेऱ्यांना इंजिन गुदमरू लागतं. टर्बोपासून लांबच्या सिलिंडरची अवस्था जवळच्या सिलिंडरपेक्षा वेगळी असते, त्यामुळे ट्यूनिंग सर्वांत कमजोर सिलिंडरला धरून करावं लागतं.

लांब नळ्या कधी घ्याव्यात?

दुसऱ्या टोकाला समान लांबीच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड असतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते आणि सगळ्यांची लांबी जवळजवळ सारखी ठेवतात. शेवटी चारही नळ्या निमुळत्या कोनात एका ‘कलेक्टर’मध्ये येतात आणि तिथून टर्बाइनमध्ये जातात. नळ्या मेंढ्याच्या शिंगासारख्या वर जाऊन वळत असतील तर त्या प्रकाराला ‘रॅम हॉर्न’ म्हणतात.

समान लांबीमुळे ठोके टर्बाइनवर सारख्या अंतराने पोहोचतात. नळी लांब असल्यामुळे शेजाऱ्याच्या दाबाला उलटं येऊन त्रास द्यायला वेळ लागतो. तोवर व्हॉल्व्ह बंद झालेला असतो. वळणं सौम्य असल्यामुळे वरच्या वेगात वायू मोकळा वाहतो. मोठा टर्बो, जास्त बूस्ट आणि सतत ५-६ हजारांच्या वर फिरणारं इंजिन असेल तर या मॅनिफोल्डला तोड नाही.

मात्र किंमत मोजावी लागते, आणि ती फक्त पैशांची नसते. नळ्यांची पोकळी जास्त म्हणून टर्बो जागा व्हायला वेळ लागतो. उघडा पृष्ठभाग जास्त म्हणून उष्णता बॉनेटखाली सांडते. शहरातल्या वाहतुकीत २०००-३००० च्या मध्ये चालणाऱ्या गाडीला या मांडणीचा फायदा क्वचितच दिसतो, तोटे मात्र रोज दिसतात. माझ्या मते रस्त्यावर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांवर या नळ्या कामापेक्षा फोटोसाठी बसवलेल्या असतात.

नळीच्या व्यासाबद्दलही एक चूक नेहमी होते. ‘मोठी नळी, जास्त प्रवाह’ म्हणून लोक जाड पाइप घेतात. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते आणि अंगठा काढला की पाणी पायाशी पडतं. ठोक्याचं तसंच असतं. नळी फार रुंद झाली तर वायूचा वेग पडतो आणि ठोका विरतो. म्हणून नळीचा आतला व्यास हेडमधल्या पोर्टच्या आकाराच्या जवळपास ठेवतात. फॅब्रिकेटर बहुतेक वेळा स्टेनलेसचे ‘शेड्यूल १०’ एल्बो जोडून नळ्या बनवतात. सव्वा इंची शेड्यूल १० पाइपचा आतला व्यास साधारण ३६.६ मिलीमीटर असतो, दीड इंचीचा ४२.७. छोट्या इंजिनाला बहुधा पहिला पुरतो.

आवाजाबद्दल विचाराल तर तोही मॅनिफोल्डच घडवतो. सुबारूच्या बॉक्सर इंजिनाची ती प्रसिद्ध गुडगुड लांबी असमान असल्यामुळे येते. त्या इंजिनात आधी एका बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात आणि मग दुसऱ्या बाजूचे दोन. टर्बो एका बाजूला असल्याने पलीकडच्या वायूला इंजिनखालून लांबचा फेरा पडतो. सुबारूने समान लांबीचे मॅनिफोल्ड दिले त्या मॉडेलमध्ये टर्बो सुधारला, पण गुडगुड गेली. चाहते अजूनही त्यावरून कुरकुरतात.

मधला मार्ग : सिलिंडरच्या जोड्या लावा

चार सिलिंडरचं भांडण मिटवायचा आणखी एक उपाय आहे, आणि तो लांबीवर अवलंबून नाही.

बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ असतो. यात १ आणि ४ एकमेकांपासून ३६० अंशांवर आहेत, तसेच २ आणि ३. म्हणजे १ आणि ४ एका नळीत सोडले तर त्यांची गाठच पडत नाही. २ आणि ३ दुसऱ्या नळीत. या दोन वाटा टर्बाइनच्या चाकापर्यंत वेगळ्या ठेवल्या की झालं ट्विन स्क्रोल. यात टर्बो एकच असतो, पण टर्बाइनच्या शिंपल्यात मधोमध भिंत असते आणि दोन वाटा असतात.

मित्सुबिशीने १९९६ च्या लान्सर इव्होल्युशन ४ पासून हीच पद्धत वापरली. तीही बिडाच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये, शिंगांच्या नळ्या न लावता. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनात तर काम आणखी सोपं होतं. पुढचे तीन एका वाटेने, मागचे तीन दुसऱ्या वाटेने, आणि प्रत्येक वाटेवर २४० अंशांचं आरामशीर अंतर. बीएमडब्ल्यूचं २००९ साली आलेलं एन-५५ इंजिन असंच आहे. त्याच कंपनीने एक्स-५ एमच्या व्ही-८ इंजिनात तर दोन्ही बाजूंच्या नळ्या इंजिनच्या खोबणीतून पलीकडे नेऊन जोड्या जुळवल्या. कारण तिथे एकाच बाजूचे चार सिलिंडर सारख्या अंतराने पेटत नाहीत.

इथे पैसे वाया घालवणारी चूक म्हणजे अर्धवट ट्विन स्क्रोल. टर्बो ट्विन स्क्रोलचा घेतला, पण मॅनिफोल्डमध्ये चारही नळ्या एकत्र केल्या, तर ती मधली भिंत फक्त अडथळा ठरते. उलट बाजूनेही तेच, मॅनिफोल्ड दुभागलेला आणि टर्बाइन एकवाटी. आणखी एक मेख आहे. जास्तीचा वायू बाजूला काढणाऱ्या वेस्टगेटपर्यंत दोन्ही वाटांमधून रस्ता हवा आणि तोही भिंत न मोडता. म्हणून बऱ्याच बिल्डमध्ये दोन वेस्टगेट दिसतात. खर्च, जागा आणि गुंतागुंत तिथेच वाढते.

सहा मिलीमीटरचा प्रश्न

आतापर्यंत वायूबद्दल बोललो. पण मॅनिफोल्ड मरतो तो धातूमुळे.

पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना एक्झॉस्ट वायूचं तापमान ८५० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. ४० सेंटीमीटर लांबीचा स्टेनलेस पाइप ८०० अंशांनी तापला तर साधारण ६ मिलीमीटर वाढतो. ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला तो बोल्टने आवळला आहे, ते मात्र पाण्याने थंड ठेवलेलं असतं. त्याची वाढ एक मिलीमीटरही होत नाही. एक टोक जखडलेलं, दुसऱ्या टोकाला पाच-सात किलोचा टर्बो लटकलेला आणि मधला धातू ताणायला बघतोय. गाडी थंड झाली की सगळं परत आकसतं. असं रोज, प्रत्येक फेरीला.

तडे वेल्डिंगच्या कडेला, कलेक्टरच्या सांध्यात किंवा फ्लँजजवळ जातात. सुरुवातीला थंड इंजिनवर फक्त ‘टिक टिक’ ऐकू येतं. मग दाब गळतो आणि टर्बो मंद होतो. ऑक्सिजन सेन्सरजवळ गळती असेल तर तो चुकीचं मोजमाप देऊ लागतो, आणि बाहेर पडणारा तो वायू शेजारच्या वायरिंगवर, ब्रेकच्या किंवा पेट्रोलच्या नळीवर आला तर आग लागू शकते. हा भाग हौसेचा राहत नाही.

म्हणून मॅनिफोल्ड निवडताना जाडी आणि धातू आधी विचारा, चकाकी नंतर. ३०४ दर्जाचं स्टेनलेस सहज मिळतं आणि चालतं. ३२१ मध्ये टायटॅनियम असतं, त्यामुळे सतत तापणाऱ्या जागी त्याचे वेल्ड जास्त टिकतात. सायलेन्सरला वापरतात तो पातळ पाइप इथे नको. फ्लँज जाड असावी आणि टोकाच्या बोल्टची भोकं किंचित मोठी असावीत, म्हणजे धातूला सरकायला जागा मिळते. टर्बोला इंजिन ब्लॉकवरून एक आधाराची पट्टी दिली तर वेल्डवरचा भार हलका होतो.

नळ्यांना पट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे. त्याने बॉनेटखालचा ताप कमी होतो हे खरं, पण उष्णता आत कोंडल्याने धातू आणखी तापतो आणि पातळ नळ्या लवकर जातात. पट्टीत तेल मुरलं तर ती पेट घेऊ शकते. सिरॅमिक कोटिंग महाग पडतं, पण मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं.

टर्बो कुठे बसणार?

मॅनिफोल्डचा आकार म्हणजे टर्बोची जागा. कॅटलॉग बघताना हे विसरलं जातं.

टर्बोमधलं तेल पंपाने आत येतं, पण बाहेर पडतं फक्त उतारावरून. त्याची परतीची नळी जवळजवळ सरळ खाली जाऊन सम्पमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. टर्बो फार खाली बसला तर तेल तुंबतं, सीलमधून गळतं आणि मागून निळा धूर येतो. लोक टर्बो खराब म्हणून बदलतात, दोष मॅनिफोल्डच्या उंचीचा असतो.

वेस्टगेटचंही तसंच. त्याचा फाटा वायूच्या वाहत्या दिशेने निघाला पाहिजे. काटकोनात किंवा उलट दिशेने काढला तर वायू तिकडे वळत नाही. वेस्टगेट सताड उघडं असूनही बूस्ट चढत राहतो, आणि कॉम्प्युटरमध्ये कितीही आकडे बदलले तरी तो खाली येत नाही. इंजिन फुटण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

भारतात आणखी एक गोष्ट तपासायला हवी, स्टिअरिंग. बाहेरून मागवलेले अनेक मॅनिफोल्ड डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांसाठी बनवलेले असतात. बीएमडब्ल्यूच्या जुन्या सरळ-सहा इंजिनांत एक्झॉस्ट उजव्या बाजूला आहे. आपल्या गाडीत तिथूनच स्टिअरिंगचा दांडा खाली जातो. पार्सल उघडल्यावर हे कळणं महागात पडतं.

तुमच्या गाडीला मॅनिफोल्ड आहे का?

प्रश्न विचित्र वाटेल. पण नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांपैकी अनेकींमध्ये वेगळा मॅनिफोल्डच नसतो. फोर्ड इकोस्पोर्टचं १.० लिटर इकोबूस्ट किंवा फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय घ्या. यांत एक्झॉस्टच्या वाटा हेडच्या आतच ओतलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती कूलंट फिरतं. टर्बो थेट हेडवर बसतो. तिथे आराखडा निवडायचा प्रश्नच येत नाही. कोणी अशा गाडीसाठी ‘परफॉर्मन्स मॅनिफोल्ड’ विकत असेल तर आधी बॉनेट उघडून बघा.

कायद्याबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती आणि कंपनीची मूळ वैशिष्ट्यं यांच्यात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मूळ टर्बो नसलेल्या गाडीला टर्बो लावून ती रोज ऑफिसला नेणं म्हणूनच जोखमीचं आहे, अपघात झाला तर विम्याच्या दाव्यावरही प्रश्न उभा राहू शकतो. अशा बिल्डची जागा ट्रॅकवर किंवा स्पर्धेत. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग स्पर्धा भरत आली आहे, दक्षिणेत कोइम्बतूर आणि चेन्नईजवळचे ट्रॅक आहेत.

एक खरी गाडी घेऊन बघू

समजा हातात २००० च्या आसपासची होंडा सिटी व्हीटेक आहे. १.५ लिटर, चार सिलिंडर, क्रम १-३-४-२. भारतातल्या हौशी मंडळींचं हे जुनं लाडकं इंजिन. कारखान्यातून टर्बो नाही, म्हणजे मॅनिफोल्ड आपल्यालाच निवडायचा आहे. एक्झॉस्टची तोंडं पुढे, रेडिएटरच्या बाजूला आहेत.

आतले पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मूळचेच ठेवायचे असतील, तर बूस्ट कमीच ठेवावा लागणार. ते टर्बोसाठी बनवलेले नाहीत. त्या मर्यादेत मॅनिफोल्ड अडथळा ठरण्याच्या कितीतरी आधी रॉड अडथळा ठरतात. इथे लहान टर्बो आणि बिडाचा किंवा जाड स्टीलचा लॉग घ्यावा. पंखा आणि एसीचे पाइप जागेवर राहतात का ते बघावं, तेलाची परतीची नळी सम्पच्या किती वर येते ते मोजावं आणि वाचलेले पैसे ट्यूनिंग, इंजेक्टर आणि वाइडबँड सेन्सरवर घालावेत.

इंजिन उघडून फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड टाकले असतील आणि गाडी चढ-उताराच्या वळणदार ट्रॅकवर चालणार असेल, तर आखूड, दुभागलेला मॅनिफोल्ड आणि ट्विन स्क्रोल टर्बो घ्यावा. कोपऱ्यातून बाहेर पडताना फेरे खाली आलेले असतात. तिथे ठोक्यांचा उपयोग होतो. मात्र टर्बोपासून वेस्टगेटपर्यंत सगळं दोन वाटांचं हवं. बजेट त्याला पुरत नसेल तर अर्धवट करण्यापेक्षा साधा लॉग बरा.

आणि गाडी फक्त धावपट्टीवर सरळ पळणार, टर्बो मोठा, एसी काढलेला, प्रत्येक गिअरमध्ये सुई लाल रेषेजवळ, असं असेल तर रॅम हॉर्न घ्या. तिथे उशिरा जागा होणाऱ्या टर्बोची फारशी चिंता नसते. तडे मात्र प्रत्येक इव्हेंटनंतर तपासावे लागतील, हे धरून चाला.

कुठलाही मॅनिफोल्ड बनवून घेताना फॅब्रिकेटरला तीन गोष्टी आधीच सांगा. फ्लँज जाड प्लेटला किंवा जुन्या हेडला आवळूनच वेल्डिंग करा, नाहीतर ती केळ्यासारखी वाकते. आर्गन वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडा, नाहीतर वेल्डच्या आतल्या बाजूला काळे, खडबडीत दाणे तयार होतात आणि त्यातला एखादा सुटून टर्बाइनच्या पात्यावर आदळला की टर्बो गेला. आणि पक्कं वेल्डिंग करण्यापूर्वी टर्बो, वेस्टगेट आणि तेलाची नळी लावून बॉनेट एकदा बंद करून बघा.